कूट आणि कुलूप

जयराम पिंड्ये हा कवी शहाजीराजांच्या दर्शनास आला तेव्हा त्याने राजांपुढे बारा नारळ मांडले आणि आपणांस बारा भाषांत कविता करता येते, असे त्यातून सुचविले. ही हकीकत त्याच्याच ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथात आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो दीर्घ प्रस्तावनेसह १९२२ साली प्रसिद्ध केला. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि तेथील त्यांच्या सभेत निरनिराळ्या भाषांचे कवी जमत. कोणी श्लोकाचा एखादा चरण पुढे टाकावा आणि दुसऱ्याने उरलेले चरण रचून त्याला अर्थ प्राप्त करून द्यावा, असा समस्यापूर्तीचा क्रम तेथे चाले. मराठी वाङ्मयेतिहासात या चंपूचा उल्लेख बहुधा शहाजीराजांच्या ऐश्वर्याचा किंवा बहुभाषिकतेचा पुरावा म्हणून येतो. समस्यापूर्ती हा अनेकांनी एकत्र बसून खेळावयाचा खेळ होता, घालणारा आणि सोडविणारा दोघे मिळून त्यात एक वस्तू निर्माण करीत, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही.

त्याच शहरात आज निराळ्या बैठका भरतात. शनिवार-रविवारी चार-सहा तरुण मंडळी एखाद्याच्या घरी किंवा पटावरच्या खेळांसाठी चालविलेल्या कॅफेत जमतात. मध्ये कागद, पेन्सिली आणि वीस पैलूंचा फासा असतो. एकजण कथक होतो, बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. कथक प्रसंग उभा करतो, ‘आता तुम्ही काय करता?’ असे विचारतो, आणि ज्या कृतीचे फळ अनिश्चित असेल तिचा निकाल फाशावर सोपवितो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या जातीचा पहिला छापील खेळ १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा येथून प्रसिद्ध झाला. याला नाटक म्हणता येत नाही, कारण प्रेक्षक नाहीत. पटावरचा खेळ म्हणावा तर पट असलाच पाहिजे असे नाही. वास्तविक तीन-चार तास चालणारे, श्रोत्यांनी वारंवार अडविलेले आणि वळविलेले असे हे मौखिक कथन आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला ही व्याख्या ऐकताच आपल्या विषयाची खूण पटावी. पण विद्यापीठांतून या खेळाकडे पाहण्याची दृष्टी अद्याप ‘इंग्रजी शिकलेल्या पोरांचा छंद’ एवढीच आहे.

या खेळात कोडी घालण्याची प्रथा आरंभापासूनची. गायगॅक्सचे ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे साहस १९७८ मध्ये छापून आले. त्यात थडग्यातून पुढे जाण्याची वाट पद्यबद्ध कूटात सांगितलेली असून चुकीच्या पावलाला बहुधा मृत्यू हेच उत्तर आहे. या नमुन्याचा ठसा पुढच्या कोडेकारांवर दीर्घकाळ राहिला. दार एक, किल्ली एक, आणि किल्ली कोडेकाराच्या मनात. पुढे अद्भुतकथांचा आश्रय घेण्याची हौस वाढली. (‘परीकथा’ हा शब्द मराठीत रूढ झाला खरा, पण आपल्या कथांत परी क्वचितच सापडते, राक्षस, वेताळ, आवडती-नावडती आणि बोलणारे पक्षी यांचीच तेथे गर्दी.) तेव्हा ग्रिमबंधूंचा आरसा, सोन्याची मोजडी, काटेरी कुंपण ही सामग्री टेबलावर आली, आणि हल्ली तिच्या जोडीला आपल्याकडचा पोपट, भोपळा, वडाचे झाडही येऊ लागले आहे. परंतु सामग्री बदलली तरी रचना पुष्कळदा कुलपाचीच राहिली. पोपटाच्या पिंजऱ्यावर चार अक्षरांचे कुलूप बसविले म्हणजे ते लोककथेचे कोडे झाले, अशी समजूत त्यामागे दिसते.

ही समजूत चुकीची आहे. लोककथेतील गाठ ही कुलूप नसते, ती अट असते. आणि अट कोणीतरी कोणाला तरी घातलेली असते. ती सोडविण्यासाठी बुद्धीपेक्षा आधी नाते लागते.

उदाहरण म्हणून ज्याचा प्राण पोपटात आहे त्या मायावी पुरुषाची कथा पाहावी. स्टिथ थॉम्पसन यांच्या कथाप्रकारांच्या क्रमवारीत ३०२ हा आकडा मिळालेली ही कथा साऱ्या भारतभर ऐकू येते. मेरी फ्रीअर हिच्या ‘ओल्ड डेक्कन डेज’ (१८६८) या संग्रहात ती ‘पंचकिन’ नावाने पहिलीच आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांची ही कन्या. तिला या कथा अॅना लिबेराता डिसोझा या आयेने सांगितल्या, आणि दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यात त्या टिपल्या गेल्या. अॅनाची आजी लिंगायत घरातून ख्रिस्ती झालेली. म्हणजे ही कथा मराठी की कानडी, हा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. ती सीमेवरची आहे. कथेत दूर निर्जन अरण्यात ताडांचे एक वर्तुळ, वर्तुळाच्या मध्यभागी एकावर एक रचलेल्या पाण्याच्या सहा घागरी, सहाव्या घागरीखाली पिंजरा, पिंजऱ्यात हिरवा राघू, आणि राघूत पंचकिनचा प्राण.

कुलपे बनविणाऱ्या कोडेकाराला येथे सहा घागरी दिसतात आणि तो प्रत्येक घागरीवर एकेक चिन्ह कोरतो. पण कथेत घागरी सोडविण्याचा प्रश्नच येत नाही. त्या सरळ पाडल्या जातात. कथेतली खरी कोडी तीन आहेत आणि तिन्ही घागरींच्या बाहेर आहेत. पहिले, हे रहस्य कळणार कोणाकडून? ते कैदेत असलेल्या राजकन्येलाच पंचकिनच्या तोंडून काढता येते, कारण तो तिच्यावर लुब्ध आहे. तिने लग्नाला रुकार देण्याची आशा दाखवून त्याला बोलते केले, तरच वाट सापडते. दुसरे, राक्षसांच्या पहाऱ्यातून तेथवर पोहोचायचे कसे? तरुण नायकाने वाटेत सर्पाच्या तावडीतून गरुडाची पिले सोडविली, म्हणून ती पिले त्याला वाहून नेतात. त्या वेळी आपण भविष्यातील कुलपाची किल्ली घडवीत आहोत, याची त्याला कल्पना नाही. तिसरे कोडे सर्वांत सुंदर, आणि तेच बहुधा ध्यानात येत नाही. राघू हाती आल्यावर त्याची मान तत्काळ मुरगळली, तर दगड होऊन पडलेला बाप आणि चुलते दगडच राहतील. म्हणून आधी त्यांना जिवंत करून घ्यावयाचे, मग राघूचे पंख, मग पाय, आणि शेवटी मान. येथे अक्कल लागते ती संयमाची. खेळाच्या टेबलावर चार जण एकाच वेळी बोलत असताना, एकाचा हात राघूच्या मानेशी गेलेला असताना, दुसऱ्याने ‘थांब, आधी दगडांचे विचार’ असे म्हणावे, ही घटना कोणत्याही अक्षरकुलपाहून अधिक नाट्यमय आहे; आणि ती घडली नाही तरी खेळ अडत नाही, केवळ दुःखद होतो.

खेळ अडणे ही कोड्याची सर्वांत मोठी विपत्ती होय. उत्तर सुचत नाही, कथक सांगत नाही, अर्धा तास जातो, चहा येतो, आणि कथेचा धागा सैल होतो. या विपत्तीवरचा उपाय भारतीय कथाकारांनी फार पूर्वी शोधला होता आणि तो वेताळाच्या कथांत आहे. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० मध्ये ‘वेताळपंचविशी’ आणली, त्यामुळे हे कथानक मराठी घरांत सुपरिचित. त्याचे संस्कृत रूप अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आहे. राजा खांद्यावर प्रेत घेऊन मुकाट्याने चालला आहे. वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न करतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटेल; बोलला तर मौन मोडेल आणि प्रेत पुन्हा झाडाला लटकेल. बरोबर उत्तराची शिक्षा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून चालणे! पाश्चात्त्य कोड्याचा व्यवहार येथे उलटा झाला आहे. राजाला उत्तर येत नाही अशी वेळ एकदाच येते. बाप व मुलगा यांनी अनुक्रमे मुलगी व आई यांच्याशी लग्न केले, तर त्यांच्या मुलांचे परस्परांशी नाते काय, या प्रश्नापुढे तो खरोखरच निरुत्तर होतो. आणि तेथेच वाट उघडते. वेताळ प्रसन्न होतो, प्रेत आणावयास सांगणाऱ्या भिक्षूचा कपटी बेत राजाला कळवितो आणि त्यातून सुटण्याची युक्तीही शिकवितो: साष्टांग नमस्कार घालावयास सांगितले, तर मी राजा, मला तो ठाऊक नाही, आधी आपण दाखवा, असे म्हणावे.

या रचनेकडे खेळ घडविणाऱ्याने बारकाईने पाहावे. येथे अपयशाने दार बंद होत नाही, ते दुसरीकडे उघडते. प्रत्येक उत्तर खरे असूनही कथेला पुढे न नेता मागे नेते, पण ऐकणाऱ्याची जाण मात्र वाढवीत राहते. शिवाय प्रश्न न्यायाचे आहेत. तीन प्रियकरांपैकी कन्येवर हक्क कोणाचा, यावर टेबलाभोवती बसलेले पाच जण पाच मते देतील, भांडतील, आणि पात्राच्या तोंडून स्वतःचे मन उघड करतील. एक उत्तर बरोबर ठरविण्याची कथकाला गरजच नाही. ज्याने उत्तर दिले त्याने त्याची किंमत चुकवावी, एवढेच पुरे.

आता भाषेचा प्रश्न. बंगळूरच्या या बैठकांची चालती भाषा इंग्रजी, मध्ये हिंदी, आणि खेळणाऱ्यांच्या घरी कानडी, मराठी, तमिळ, मल्याळम, बंगाली. अशा मंडळीत शब्दावर उभे असलेले कूट टिकत नाही. याचे भारतीय कथासाहित्यातील आद्य उदाहरण मराठी भूमीतलेच आहे. प्रतिष्ठानचा, म्हणजे आजच्या पैठणचा, सातवाहन राजा राण्यांसह जलक्रीडा करीत असता एक राणी थकून म्हणाली की पाण्याने मारू नका. तिने ‘मा’ आणि ‘उदकैः’ यांचा संधी केला; राजाने ‘मोदकैः’ ऐकले आणि मोदकांची ताटे मागविली. राणी हसली. राजाला व्याकरण शिकण्याचा ध्यास लागला. सहा वर्षांत शिकवू म्हणणारा गुणाढ्य आणि सहा महिन्यांत शिकवू म्हणणारा शर्ववर्मा यांच्यात पैज लागली, गुणाढ्य हरला, संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषांवर त्याने पाणी सोडले, आणि म्हणून ‘बृहत्कथा’ पैशाचीत लिहिली गेली. एका न सुटलेल्या शब्दकोड्यातून भारतीय कथेचा महासागर निघाला, असे सोमदेव सांगतो. हे कोडे इंग्रजी टेबलावर कसे न्यावे? नेता येत नाही. मोदकाला प्रतिशब्द शोधता येईल, पण संधी कोठून आणणार?

मराठी हुमाणांची, उखाण्यांची आणि संतांच्या कूट अभंगांची हीच गत आहे. त्यांतील श्लेष काढला की उरते ते केवळ वर्णन. मैसूरचे तिसरे कृष्णराज वडेयर (१७९४-१८६८) यांनी बुद्धिबळाच्या घोड्याच्या चालीवर बसविलेली कोडी आणि मायावर्ग भाषेवर कमी अवलंबून असल्याने आजही सोडविता येतात. परंतु ती एकांतात सोडवावयाची आहेत, चौघांत बसून नव्हेत. अनेक भाषांच्या मंडळीत टिकणारे कूट म्हणजे अटीचे. पोपट सोडविण्यास व्याकरण लागत नाही. या दृष्टीने जयराम पिंड्येच्या काळची बंगळूरची सभा अधिक श्रीमंत होती हे मान्य केले पाहिजे: तेथे समस्या ज्या भाषेत घातली त्या भाषेत पुरी करणारा कोणीतरी हजर असे. आज टेबलावर मराठी जाणणारा एकटाच असतो. मात्र याचाही उपयोग करून घेता येण्याजोगा आहे. एखादी म्हातारी, एखादा पक्षी केवळ मराठीतच बोलतो, आणि ते समजणारा खेळाडू इतरांना जेवढे सांगेल तेवढेच त्यांना कळेल, अशी योजना कथकाने केली, तर भाषांतर करणे हेच त्या खेळाचे कोडे होईल. दुभाषी काय गाळतो, हे साहित्याच्या अभ्यासकांना नव्याने सांगावयास नको.

साध्या बालकथांतही ही सामग्री विपुल आहे. चिमणीच्या मेणाच्या घराबाहेर पावसात भिजत उभा असलेला कावळा दार उघड म्हणतो, आणि चिमणी बाळाला न्हाऊ घालायचे, अंग पुसायचे, काजळ घालायचे अशी एकेक सबब सांगते. याला ‘दाराचे कोडे’ म्हणून पाहिले तर काय दिसते? दार बलाने उघडत नाही, परवलीच्या शब्दानेही नाही. आत काम चालले आहे आणि ते संपावे लागेल. ज्या खेळाडूला बाहेरूनच अंगाईगीत म्हणण्याचे सुचेल, त्याच्यासाठी दार लवकर उघडेल. भोपळ्यातून परतणाऱ्या म्हातारीची कथा याहून धूर्त आहे: लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन येते, मग खा, असे वचन देऊन ती वाघाकडून अवधी उसना घेते. वचन मोडायचे नाही आणि पाळायचेही नाही, एवढीच अट. व्रतांच्या कहाण्यांत तर ‘वसा’ हा शब्दच कोडेकाराने उचलून घ्यावा असा आहे. वसा घेतला, वैभव आले, वसा विसरला, वैभव गेले. आता काय विसरले ते आठवा. टेबलावर तीन बैठकांपूर्वी सहज दिलेले वचन चौथ्या बैठकीत अडचण होऊन उभे राहते, तेव्हा खेळाडू आपल्या वह्या चाळू लागतात. फाशाचा तेथे उपयोग नाही.

या साऱ्यावर खेळणाऱ्यांकडून एक रास्त आक्षेप येतो. पात्र महापंडित आहे, त्याच्या कागदावर बुद्धीचा आकडा अठरा आहे; पण त्याला चालविणारा माणूस आठवडाभर कचेरीत राबून थकलेला आहे. मग कोडे पात्राने सोडवावे की माणसाने? कुलपाच्या कोड्याला याचे समाधानकारक उत्तर नाही. फासा टाकून सोडविले तर कोडे उरत नाही, आणि न टाकावे तर पात्राच्या विद्वत्तेला अर्थ राहत नाही. अटीच्या कूटाला मात्र हा आक्षेप तितकासा लागू पडत नाही. गरुडाच्या पिलांना वाचवावे की नाही, वाघाला काय वचन द्यावे, हे पात्राच्या स्वभावाचे प्रश्न आहेत. तेथे माणूस आणि पात्र यांची फारकत होत नाही. फासा सर्पाशी झुंजताना टाकावा. खुद्द मूळ खेळाच्या प्रकाशकांनाही या दिशेने वळावेसे वाटले, हे नोंदण्याजोगे आहे. २०२१ मधील ‘द वाइल्ड बियॉंड द विचलाइट’ या परीकथाप्रधान ग्रंथात आतिथ्य, स्वामित्व आणि परतफेड असे तीन नियम त्या अद्भुत प्रदेशाचे म्हणून सांगितले आहेत, आणि शस्त्र न उचलता कथा शेवटास नेण्याची सोय ठेवली आहे.

भारतीय सामग्रीच्या बाबतीत प्रगती संथ आहे. १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या ग्रंथात इंद्रादी देवांना इतरांप्रमाणेच प्राणशक्तीचे आकडे लावून शत्रूंच्या यादीसारखे मांडले होते. आज ते पाहून राग येण्याऐवजी हसू येते. २०२२ मध्ये ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या संग्रहात मिमी मंडल यांनी बंगालच्या नदीप्रदेशावरून सुचलेले साहस लिहिले, ते या मानाने फारच पुढचे पाऊल. पण एखाद-दुसऱ्या लेखिकेवर हे काम सोपवून चालणार नाही. थॉम्पसन व वॉरेन रॉबर्ट्स यांची भारतीय मौखिक कथांची प्रकारसूची १९६० पासून ग्रंथालयांत आहे. म्हैसूरला भारतीय भाषा संस्थान १९६९ पासून आहे. दुर्गाबाई भागवत आणि सरोजिनी बाबर यांनी मराठीत केलेला संग्रह व विवेचन हाताशी आहे. एवढे असून बंगळूरच्या एखाद्या मुलीला आजीच्या गोष्टीवरून खेळ रचावासा वाटला, तर तिच्या हाती लागतो तो इंग्रजी सारांश, ज्यात कथानक असते पण अट गळालेली असते. सारांश करणाऱ्याला अट हा तपशील वाटतो. कथाप्रकारांच्या सूचीतही घटना नोंदल्या जातात. कोणाच्या शब्दाने कोण बांधला गेला याचा रकाना नसतो. तो रकाना भरण्याचे काम विद्यापीठांचे आहे, आणि ते केल्याने खेळणाऱ्यांचेच नव्हे तर कथाभ्यासाचेही भले होईल, कारण पाठभेदांत सर्वाधिक बदलते ती अटच.

ए. के. रामानुजन यांनी हे जाणले होते. मैसूरचे हे विद्वान पन्नाशीच्या दशकात बेळगावी अध्यापन करीत असता त्या परिसरातील कथा गोळा करीत. ‘फुलणारे झाड’ ही कानडी कथा त्यांनी पुनःपुन्हा अभ्यासिली; तिचे नाव धारण करणारा त्यांचा संग्रह ते वारल्यानंतर १९९७ मध्ये निघाला. गरीब घरची मुलगी अंगावर घागरभर पाणी घेऊन फुलांचे झाड होते आणि दुसऱ्या घागरीने पुन्हा मुलगी. पाणी काळजीपूर्वक ओतायचे, फुले हलक्या हाताने खुडायची, फांदी मोडायची नाही. नणंद आणि तिच्या मैत्रिणी फांद्या ओरबाडतात, दुसरी घागर धड ओतीत नाहीत, आणि मुलगी हात-पाय नसलेले अर्धे शरीर होऊन पडते. पुढे नवऱ्याला ती सापडते, तेव्हा ती त्याला सांगते की पाणी ओत, मोडलेल्या फांद्या नीट लाव, मग दुसरे पाणी ओत.

हा प्रसंग टेबलावर आणावयाचा तर अवघड भाग कोणता? रीत सर्वांना ठाऊक आहे, ती लपविण्यात हशील नाही. फांद्या कोणत्या मोडल्या, हे तोडणाऱ्यांखेरीज कोणाला माहीत नाही. तेव्हा खेळाडूंना नणंदेकडे जावे लागेल, तिला बोलते करावे लागेल, आणि तिला क्षमा करावयाची की नाही हे घागर उचलण्यापूर्वी ठरवावे लागेल. झाड झालेली मुलगी तोवर बोलू शकत नाही. तिचे पात्र ज्या खेळाडूकडे असेल त्याने त्या वेळी गप्प बसावयाचे, की तिच्या मनातले आपल्या घरच्या भाषेत इतरांना ऐकवावयाचे, हे कथकाने आधी त्यालाच विचारून घेतलेले बरे.